जुनं चिनी फर्निचर आजच्या घरात: धंदा कुठे आहे आणि सापळा कुठे



जुन्या फर्निचरवरच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न असा होता: "चिनी अँटिक कपाटं, पेटारे लाखात विकले जातात म्हणे. हा धंदा मुंबईत सुरू करता येईल का?"

उत्तर आधीच सांगून टाकते. येईल. पण चीनहून माल मागवून नाही, आणि मोठ्या शोरूममधून तर नाहीच. हा धंदा आपल्या दारात, शिवाजी पार्क, दादर, गिरगाव, परळच्या जुन्या इमारतींत आहे. आणि त्यात पैसा टिकतो तो फक्त त्यांचा, ज्यांना "जुनं" आणि "अँटिक" यातला फरक कळतो. व्हिडिओत आकडे आणि कायदा घाईत झाला होता. तो इथे नीट बघू.

चिनी फर्निचर म्हणजे नेमकं काय

बाजारात ज्याला चिनी अँटिक म्हणतात ते साधारण दोन काळांचं असतं. मिंग राजवट, म्हणजे १३६८ ते १६४४, आणि छिंग राजवट, म्हणजे १६४४ ते १९१२. मिंग काळाची घडण साधी, सरळ रेषांची, कोरीवकाम कमी. छिंग काळात, विशेषतः शेवटच्या शंभर वर्षांत, कोरीवकाम, जडाव, मध्ये बसवलेला संगमरवर हे सगळं वाढलं. खरं सांगायचं तर अस्सल मिंग वस्तू तुमच्या-माझ्या हाती लागणार नाही. "मिंगचा आहे" असं कोणी म्हणालं, तर ती मिंग पद्धतीची आहे एवढंच समजा.

लाकडाची गंमत बघा. चिनी दरबारात सर्वात मानाचं लाकूड होतं झितान. ते म्हणजे आपलं रक्तचंदन! दक्षिण आंध्रात उगवणारं. दुसरं ह्वांगह्वाली, हे हायनान बेटावरचं. ते आपल्या शिसवीच्याच कुळातलं. सामान्य घरांत मात्र उत्तर चीनमध्ये एल्मचं लाकूड वापरायचे, आणि पेटाऱ्यांसाठी कापराचं. मुंबईत तुम्हाला भेटेल तो बहुतेक वेळा हा कापराच्या लाकडाचा पेटारा. झाकण उघडलं की वास येतो, आणि त्या वासामुळे लोकरीच्या कपड्यांना कसर लागत नाही.

बांधणीतली हुशारी म्हणजे खिळा जवळपास नाही. एका लाकडाला चौकोनी भोक, दुसऱ्याला त्यात घट्ट बसणारं टोक. दाराची फळी चौकटीच्या खाचेत सरस न लावता मोकळी बसवलेली. का? लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. फळीला हलायला जागा असेल तर ती फाटत नाही. हे लक्षात ठेवा, दुरुस्तीच्या वेळी कामाला येईल.

मुंबईत हा माल आला कुठून

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मुंबईचे व्यापारी, त्यातही पारशी, कॅन्टनला म्हणजे आजच्या ग्वांगझूला जहाजं न्यायचे. इथून कापूस आणि अफू जायची, तिथून चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी यायची. सर जमशेदजी जीजीभॉय (१७८३–१८५९) तरुणपणी या चीनच्या फेऱ्या करूनच मोठे झाले. पारशी बायकांची गारा साडी ही त्याच व्यापाराची देणगी. त्याच जहाजांतून पेटारे, पडदे, छोटी टेबलंही आली आणि मुंबईच्या मोठ्या घरांत स्थिरावली. नंतरच्या काळात जहाजावर नोकरी करणारे लोक हाँगकाँग, शांघायहून कोरीव पेटारे घेऊन यायचे. मध्यमवर्गीय घरांत दिसणारे पेटारे बरेचदा या दुसऱ्या लाटेतले, विसाव्या शतकातले.

आता एक मोठा गोंधळ. एकोणिसाव्या शतकात मुंबईतच काळ्या शिसवीचं, ठासून कोरीवकाम केलेलं फर्निचर बनायचं. त्याला आजही बाजारात बॉम्बे ब्लॅकवुड म्हणतात. पानं, वेली, पक्षी, प्राणी यांची गर्दी, रंग काळपट, वजन प्रचंड. अनेक घरांत आणि काही दुकानांतही ते सर्रास "चायनीज" म्हणून दाखवलं जातं. ते चिनी नाही, आपल्या मुंबईचं आहे, आणि ओळखून सांगितलं तर गिऱ्हाइकाला ती गोष्ट जास्त आवडते. नक्षी बघा. ड्रॅगन, प्लमची फुलं, वटवाघूळ दिसलं तर चीनकडे बोट जातं. वटवाघूळ कशाला? चिनी भाषेत वटवाघळाचा आणि सुखसमृद्धीचा उच्चार सारखाच आहे, "फू". म्हणून पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं. ही एक ओळ टॅगवर लिहा, वस्तूसमोर लोक थांबतात.

शिवाजी पार्कचं गणित: जुनं वेगळं, अँटिक वेगळं

शिवाजी पार्क मैदान महापालिकेनं १९२५ साली खुलं केलं. तेव्हा नाव माहीम पार्क. १९२७ साली शिवाजी पार्क झालं. मैदानाभोवतीच्या गोल गॅलऱ्यांच्या, तीन-चार मजली इमारती त्यानंतरच्या, बहुतेक १९३० आणि ४० च्या दशकांतल्या. घर नवीन घेतलं तेव्हा बरंचसं फर्निचरही तेव्हाच बनवून घेतलं गेलं.

आता कायदा. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा १९७२ नुसार, अशी वस्तू "पुरावशेष" ठरायला ती किमान १०० वर्षं जुनी असावी लागते. जीएसटीमध्येही अँटिकची व्याख्या १०० वर्षांहून जुनी वस्तू अशीच आहे. म्हणजे पार्कातल्या बहुतेक घरांतलं, घराबरोबर आलेलं सागवानी कपाट किंवा आरामखुर्ची सुंदर आहे, भक्कम आहे, पण अँटिक नाही. ते "जुनं" किंवा "व्हिंटेज". घराच्या आधीपासून कुटुंबात असलेला चिनी पेटारा कदाचित अँटिक असेल, पण ते सिद्ध करावं लागेल.

टॅगवर "अँटिक" लिहिणं म्हणजे गिऱ्हाइकाला वयाची हमी देणं. हमी देता येत नसेल तर शब्द वापरू नका. "कापराच्या लाकडाचा चिनी कोरीव पेटारा, अंदाजे विसाव्या शतकाचा पूर्वार्ध, मूळ पितळी कडी" असं लिहा. हे वाचून भाव पडत नाही, उलट घेणाऱ्याचा विश्वास बसतो.

माल ओळखायचा कसा

घरी बघायला जाल तेव्हा बॅटरी, मोजपट्टी आणि जुनं फडकं घेऊन जा. समोरून कमी बघा, मागून, खालून आणि आतून जास्त बघा.

१. मागची फळी आणि खणाचा तळ. तिथे प्लायवूड असेल तर वस्तू नवीन आहे किंवा मोठी दुरुस्ती झालेली आहे.

२. स्क्रू. टोकदार, यंत्रावर बनलेले स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचे. अधिकच्या चिन्हाचा खाचा असलेला स्क्रू १९३० च्या दशकानंतरचा. एखादा नवा स्क्रू म्हणजे दुरुस्ती असू शकते, पण सगळेच तसे असतील तर वय आपोआप कळलं.

३. झीज. खरी झीज हात लागतो तिथे असते. कडीच्या आजूबाजूला, खणाच्या खालच्या कडेला, पायांच्या तळाशी. सगळीकडे सारखी झीज दिसली तर ती घासून केलेली आहे.

४. वास. कापराच्या पेटाऱ्याचा वास वरून गेला असला तरी आतला कोपरा फडक्यानं जोरात चोळला की परत येतो.

५. कीड. जमिनीवर पिठासारखा ताजा भुसा पडत असेल तर आत कीड जिवंत आहे. ती वस्तू तुमच्या बाकीच्या मालाशेजारी एक रात्रही ठेवू नका. आधी पेस्ट कंट्रोल.

६. पांढरा जडाव. हाड असेल की हस्तिदंत, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. भारतात हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे. शंका असेल तर ती वस्तू घेऊच नका, कितीही स्वस्त असली तरी.

डोळा तयार करायचा असेल तर फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. तिथे सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहातल्या चिनी वस्तू आहेत. मग चोर बाजाराच्या मटण स्ट्रीटवर आणि जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर मार्केटमध्ये फिरा. पहिल्या तीन फेऱ्यांत काहीच विकत घ्यायचं नाही, नुसते भाव विचारायचे आणि वहीत लिहायचे.

दुरुस्ती: जितकी कमी, तितकी किंमत जास्त

आपल्याकडचा पॉलिशवाला वस्तू बघितली की आधी पॉलिश पेपर काढतो. चिनी वस्तूच्या बाबतीत त्याचा हात तिथेच धरा. अनेक वस्तूंवर झाडाच्या चिकापासून बनवलेली लाखेसारखी चिनी रोगणाची थर असते, आणि वर्षानुवर्षांच्या हाताळणीनं आलेली चमक असते. ती एकदा घासली की परत येत नाही, आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं ते नेमके तिचेच.

क्रम असा ठेवा: कोरड्या मऊ ब्रशनं धूळ, मग घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसणं, मग मेण. तरी चालत नसेल तरच फ्रेंच पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. ती पुढे काढता येते. पीयू किंवा मेलामाइन मारलं की वस्तू प्लास्टिकची पिशवी घातल्यासारखी दिसते आणि काढणंही कठीण. आणि मगाशी सांगितलेली मोकळी फळी? "हलतेय" म्हणून सुतार तिला फेव्हिकॉल लावायला जाईल. लावू देऊ नका. पहिल्याच पावसाळ्यानंतर ती मधोमध फाटेल.

आजच्या घरात हे बसतं कुठे

मुंबईचं गिऱ्हाईक दोन शंका घेऊन येतं. जागा नाही, आणि बाकीचं घर मॉडर्न आहे. म्हणून वस्तू विकायची नाही, तिची जागा विकायची.

पेटारा सोफ्यासमोर टेबल म्हणून बसतो आणि आत गाद्या-चादरी मावतात. मुंबईत साठवणुकीची जागा म्हणजे सोनं. लांब, अरुंद चिनी पूजेचं टेबल टीव्हीखाली किंवा पॅसेजमध्ये बसतं, कारण त्याची खोली कमी असते. दोन छोटी स्टुलं पलंगाच्या बाजूला. घडीचा पडदा एका खोलीत अभ्यासाचा कोपरा वेगळा करतो. नियम सोपा: एका खोलीत एकच जुनी वस्तू, भोवती साधं सामान. पूर्ण सेट लावलात तर घराचं संग्रहालय होतं आणि दुसऱ्या खोलीसाठी गिऱ्हाईक परत येत नाही.

एसीचा झोत थेट लाकडावर नको, आणि बाहेरच्या ओल्या भिंतीपासून चार बोटं अंतर. हे दोन नियम छापून प्रत्येक वस्तूबरोबर द्या. आणि बयाणा घेण्याआधी गिऱ्हाइकाच्या लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळण मोजून मागवा. हमालांना परत पाठवलं तर दोन्हीकडची हमाली तुमच्या खिशातून.

आता हिशोब

आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही भरा. समजा एक पेटारा घेतला:

खरेदी १८,००० रुपये
टेम्पो आणि हमाली ३,५००
सुतारकाम ६,०००
पॉलिश ७,०००
फोटो, जाहिरात, गिऱ्हाइकाकडे पोहोचवणं २,५००
एकूण ३७,०००

विकला ५२,००० ला. वरवर १५,००० सुटले. पण असा माल चार महिने पडून राहू शकतो. समजा पेटारा आणि त्याभोवतीची जागा मिळून १२ चौरस फूट अडली, आणि मोक्याच्या गाळ्याचं भाडं चौरस फुटाला महिना २५० रुपये आहे. चार महिन्यांचे झाले १२,०००. उरले ३,०००.

तुमची जीएसटी नोंदणी असेल तर अजून बघा. वापरलेल्या वस्तूंना मार्जिन पद्धत लागू करता येते, म्हणजे विक्री वजा खरेदी एवढ्यावरच कर, अट एवढी की खरेदीवर क्रेडिट घेतलेलं नसावं आणि वस्तूचं स्वरूप बदललेलं नसावं. इथे लोक फसतात ते असं की दुरुस्तीचा खर्च वजा होत नाही. ५२,००० वजा १८,००० म्हणजे ३४,००० चं मार्जिन. लाकडी फर्निचरला १८ टक्के. ५२,००० मध्ये कर धरलेला असेल तर साधारण ५,१८६ रुपये कर गेला. भाडं धरलं तर तुम्ही दोन हजारांहून जास्त तोट्यात!

मग मार्ग काय? दोन आहेत.

पहिला: माल गाळ्यात ठेवूच नका. भिवंडीसारख्या ठिकाणी २५ रुपये चौरस फुटानं जागा मिळाली असं धरा. चार महिन्यांचे १,२०० झाले. दुकानात एकच वस्तू, बाकीची फोटोंची वही.

दुसरा, नव्या माणसासाठी मला जास्त पटणारा: विकत न घेता कमिशनवर विका. दुरुस्ती आणि वाहतुकीचे १९,००० तुम्ही घालता. ५२,००० मधून ते आधी वळते केले, उरले ३३,०००. त्यातले ३० टक्के, ९,९०० तुमचे, २३,१०० घरमालकाचे. त्याला १८,००० ऐवजी २३,१०० मिळाले, तुमचे ३७,००० ऐवजी १९,००० अडकले. हे सगळं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या: कमीत कमी भाव किती, मुदत किती, नाही विकलं तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा.

कागदपत्रं: इथे आळस नको

फक्त मालाची विक्री, तीही राज्यातच, असेल तर जीएसटी नोंदणीची मर्यादा ४० लाखांची. कमिशन ही सेवा आहे. ती आली की मर्यादा २० लाख धरा. दुसऱ्या राज्यात माल पाठवणार असाल तर पहिल्या विक्रीपासून नोंदणी. सप्टेंबर २०२५ च्या बदलानंतर १०० वर्षांहून जुन्या अँटिकवर ५ टक्के आहे, पण त्या दरासाठी वय सिद्ध करायची जबाबदारी तुमची. स्वतःच्या सीएला विचारूनच बिल बनवा. पेटाऱ्याचं वॉश बेसिन किंवा बार केलात तर स्वरूप बदललं. मग मार्जिन पद्धतीची सवलत धोक्यात, आणि जुन्या वस्तूचं मोलही गेलं.

पुरावशेष विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो आणि त्या भारताबाहेर नेता येत नाहीत. "माझा मुलगा अमेरिकेत आहे, तिकडे पाठवून द्या" असं गिऱ्हाईक सहज म्हणतं. १०० वर्षांखालची वस्तू असेल तरी आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्या. शिसवी असेल तर लाकडाच्या आंतरराष्ट्रीय निर्बंधांचे कागद वेगळे.

उलट बाजूही बंद आहे. जुन्या वापरलेल्या वस्तू आयात करायला भारतात परवानगी लागते, आणि चीननं २००७ पासून १९११ आधीच्या मोलाच्या वस्तू बाहेर जाऊ द्यायला बंदी घातली आहे. त्यामुळे "थेट चीनहून आणलेलं दोनशे वर्षांचं कपाट" असं कोणी स्वस्तात देत असेल, तर ते बहुधा नवं आहे. नव्याला नवं म्हणून विका, त्यात काही गैर नाही.

प्रत्येक खरेदीला साध्या कागदावर पावती: देणाऱ्याचं नाव, ओळखपत्राची प्रत, वस्तूचा फोटो, रक्कम, सही. पैसे शक्यतो बँकेतून. चोरीची वस्तू जाणून घेणं हा गुन्हा आहे, आणि तुम्ही खरंच अजाण होता हे दाखवायला हा कागदच उपयोगी पडतो.

देणाऱ्याशी कसं वागायचं

या धंद्यात सगळ्यात अवघड भाग हाच. इमारत पुनर्विकासाला जाते. दोन-तीन महिन्यांत घर रिकामं करायचं असतं. भाड्याच्या घरात पेटारा मावत नाही. घरात एकट्या आजी असतात आणि मुलं फोनवर सांगतात, "आई, देऊन टाक कोणाला तरी." त्या वेळी दोन हजार म्हटले तरी त्या हो म्हणतील.

तुम्ही म्हणू नका. मी माझ्याकडे शिकणाऱ्यांना एकच पद्धत सांगते. पहिल्या भेटीत भाव बोलायचाच नाही. वस्तू बघायची, फोटो काढायचे, आणि म्हणायचं, "आजी, ही वस्तू काय आहे आणि बाजारात साधारण किती जाते ते मी दोन दिवसांत लिहून पाठवते. तोपर्यंत कोणाला देऊ नका. मुलांनाही दाखवा." कागदावर विक्रीचा अंदाज, दुरुस्तीचा खर्च आणि तुमचा वाटा, तिन्ही लिहायचे.

यात काही वस्तू हातच्या जातात, हे मान्य आहे. मुलगी म्हणते, "मग मीच ठेवते." ठेवू दे. तिला मेण लावायची सेवा विका. कारण पार्कात सकाळी झालेला व्यवहार संध्याकाळी कट्ट्यावर पोहोचतो. एका आजीला फसवलं हे कळलं की त्या गल्लीतली दहा दारं बंद. आणि "त्यांनी खरी किंमत सांगितली" हे कळलं की पुढच्या इमारतीतून फोन येतो. या धंद्यात विकणारे शोधणं सोपं आहे. देणारे सापडणं अवघड, आणि ते जाहिरातीनं सापडत नाहीत.

या आठवड्याचा गृहपाठ

१. स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या घरातली एक जुनी वस्तू निवडा. मागून, खालून, आतून दहा फोटो काढा.
२. वरच्या सहा खुणा तपासून तिचं तीन ओळींचं टॅग लिहा. "अँटिक" हा शब्द न वापरता.
३. हिशोबाचा तक्ता तुमच्या भागातल्या भाड्यानं भरा. चार महिने माल पडून राहिला तरी पैसे सुटतात का, ते बघा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं तरी हरकत नाही. ते वहीत आलं, गाळ्यात नाही. टॅग आणि तक्ता पाठवा, पुढच्या व्हिडिओत त्यातले काही घेऊन आपण मिळून दुरुस्त करू.